धुराड्यातलं वटवाघूळ

भाई नागवेकर कुणाच्याही घरी गेले की बैठकीच्या खोलीत थांबत नसत. चपला पायरीवर काढायच्या, उंबऱ्यात उभं राहून डोळे मिटायचे, नाक जरा वर करून एक लांब श्वास घ्यायचा आणि घरातल्या माणसांकडे न बघता सरळ न्हाणीघराकडे चालू लागायचं. तिथे कुणी अंघोळ करत असलं तर बाहेरून विचारायचं, "अजून किती वेळ?" आणि आतल्याने घाबरून आवरेपर्यंत दारापाशी उभं राहायचं. रत्नागिरीत, मांडवीच्या आमच्या वाडीत याचं कुणाला काही वाटत नसे. मला वाटलं, कारण ते आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आत मी होते.

मी घाटावरची. नवऱ्याची रत्नागिरीला बदली झाली, मला तिथल्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली आणि आम्ही मांडवीला भाड्याच्या घरात राहायला आलो. ऐंशीच्या पुढचीच ती वर्षं. गॅससाठी नंबर लावायचा आणि म्हातारपणी मिळेल या आशेवर जगायचं, असा काळ होता. स्वयंपाकाला शेगडी नि स्टो, आणि अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब. बंबाच्या पोटातून नळी गेलेली, तिच्यात वरून कोळसा टाकायचा, खाली जाळीवर तो पेटत राहायचा, राख खालच्या पेटीत पडायची. वर पत्र्याचं धुराडं भिंतीतून बाहेर काढलेलं. सगळं यथास्थित होतं. फक्त धूर धुराड्यातून बाहेर जाण्याऐवजी आमच्याकडे राहायला येत होता. त्यात एक विचित्र उग्र वास. अंघोळ करून बाहेर आलं की पुन्हा अंघोळ करावीशी वाटे.

शेजारणीने माझे लाल डोळे बघितले आणि म्हणाली, "भाईंना सांगते." तिने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दाराबाहेरून तो आवाज आला. मी कशीबशी साडी गुंडाळून बाहेर पडले. समोर एक उंच, हडकुळे, साठीच्या पुढचे गृहस्थ. चौकड्यांची लुंगी, वर पांढरा सदरा, डोक्यावर बोटीवरच्या माणसाची निळी टोपी. उजवी भुवई जाड नि पांढरी, डावी नव्हतीच. त्यामुळे चेहऱ्याची उजवी बाजू नेहमी रागावलेली आणि डावी नेहमी चकित झालेली दिसे. सदऱ्याच्या खिशात उदबत्त्यांचा पुडा. मला वाटलं, कुणीतरी देवस्थानची वर्गणी मागायला आलंय.

"आत कोळसा कुठला टाकता?" हा त्यांचा समोरासमोरचा पहिला शब्द.

भाईंची उमेदीची वर्षं मुंबईहून कोकणात येणाऱ्या बोटींवर गेली. ते आगवाला होते. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून फावड्याने कोळसा मारणारा माणूस. डावी भुवई बॉयलरने नेली, असं ते अभिमानाने सांगत. कोळशाच्या बोटी गेल्या, डिझेलच्या आल्या आणि भाई घरी आले. पण त्यांच्या डोक्यातली बोट काही बंदराला लागली नाही. कुणाचंही न्हाणीघर हा त्यांना इंजिनखाना वाटे, बंब म्हणजे बॉयलर आणि धुराडं म्हणजे फनेल. वाडीतल्या साऱ्या बंबांची नाडी ते बघत. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे वेळ भरपूर होता.

त्या दिवशी त्यांनी एक उदबत्ती पेटवली आणि आमच्या न्हाणीघरात दाराच्या फटीशी, खिडकीच्या कडेशी, बंबाच्या राखेच्या पेटीशी अशी फिरवत राहिले. वाकून, एक डोळा मिटून. आमची घरमालकीण म्हातारी होती, तिला कमी दिसे. ती पडवीतून बघून म्हणाली, "बरं झालं बाय, शांत करून घेतलीस. त्या खोलीत काहीतरी होतंच."

उदबत्तीचा धूर जिकडे झुकला तिकडे भाई गेले. तो स्वयंपाकघराकडे झुकत होता. "वाराचोरी," ते म्हणाले. हा त्यांचा लाडका शब्द. "तुमच्या शेगडीवरच्या झरोक्यातनं वारा बाहेर जातो, तो हितला वारा ओढून नेतो. वारा गेला का धूर पाठीमागनं जातो. धूर म्हंजे गरीब माणूस, बाई. कुणी ओढील तिकडं जाणार."

मग त्यांनी राखेची पेटी ओढली. ती गच्च भरली होती. त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे उजव्या भुवईने बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. राख उपसून झाल्यावर भाईंनी वर्तमानपत्राचा एक कागद चुरगाळून पेटवला आणि धुराड्याच्या तोंडाशी धरला. "थंड फनेलात धूर चढत नाय. थंड घरात पाव्हणा तरी चढतो काय? आधी जरा ऊब दाखवा, मग तो आपल्या पायानं जातो." आणि खरंच, पहिल्यांदाच धूर सरळ वर चढून आमच्या घराचा निरोप घेऊन गेला.

राहिला वास. भाईंनी कोळशाच्या टोपलीत हात घातला, एक तुकडा कानाशी धरून दुसऱ्याने वाजवला. "वाजतोय. कोळसा बरा हाय." मग टोपलीच्या तळाशी नाक नेलं आणि ते इतक्या झटक्याने मागे आले की टोपी पडली. "हे कुणी आणलं?"

कोळशात काजूची टरफलं मिसळली होती. हा आमच्या ह्यांचा शोध. कारखान्याच्या मागे ढीग पडलेला असतो, फुकट मिळतं, झकास पेटतं, असं ते गेला महिनाभर ज्याला त्याला सांगत होते.

"साहेब," भाई अत्यंत नम्रपणे म्हणाले, "ह्याच्या तेलानं होडीचा तळ रंगवतात. कीड लागू नये म्हणून. तुम्ही त्याच्या धुरात अंघोळ करताय."

ह्यांच्या मानेवर तेव्हा मोठे लालबुंद चट्टे उठले होते आणि ते कोकणच्या हवेला शिव्या देत होते. त्या दिवसापासून शिव्या थांबल्या. चट्टेही गेले.

आता भाईंचं सगळंच बरोबर असे असं नाही. माणूस एका गोष्टीत शहाणा निघाला की बाकीच्या गोष्टींत वेडेपणा करायचा त्याला परवाना मिळतो. भरतीच्या वेळी धूर जड होतो आणि खाली बसतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. "समुद्र वर येतो, मग धूर जाणार कुठं?" त्यामुळे अंघोळ ओहोटीला करावी. ते सकाळी मधल्या दगडी गडग्यावरून ओरडून सांगत, "साहेब, आज पाणी चढतंय, जरा थांबा!" आणि आमचे हे, मानेचे चट्टे घालवणाऱ्या माणसावर पूर्ण विश्वास ठेवून, भरतीच्या दिवशी अंघोळ न करता कचेरीत जात. मी एकदा भाईंना विचारलं, "मग बोटीवर कसं करायचात? सगळीकडे समुद्रच." त्यांनी बराच विचार केला. "बोट पण वर जाते ना, बाई," ते म्हणाले. यावर मी वर्गात मुलांना गप्प करते तसं मला कुणीतरी गप्प केल्यासारखं वाटलं.

पण नाकाला तोड नव्हती. याची एक हकीकत सांगते. शहरात एक वकील होते. नाव सांगत नाही, त्यांच्या घरात अजून सोवळं आहे. त्यांच्या मुलीची मी शिकवणी घेत असे. त्यांच्याकडे सकाळी बंब पेटला की असा काही वास सुटे की देवघरातली घंटी वाजवणारा हात नाकाकडे जाई. उंदीर मेला म्हणून कौलं काढून झाली. वकिलांच्या आईने उपास धरला. शेवटी मीच भाईंना घेऊन गेले.

भाई उंबऱ्यात थांबले, डोळे मिटले, श्वास घेतला आणि डोळे उघडून सरळ वकिलांकडे बघितलं. वकील चष्मा पुसायला लागले. भाई न्हाणीघरात गेले, उदबत्तीही पेटवली नाही, बंबामागच्या कोनाड्यात हात घातला. मी मागेच होते म्हणून मला दिसलं. एक जुन्या काळ्या अस्तरात गुंडाळलेली पुरचुंडी होती, ती त्यांनी लुंगीच्या ओच्यात सरकवली. बाहेर येऊन जाहीर केलं, "पाल. मेलेली पाल होती."

"पाल?" वकिलांच्या आई म्हणाल्या. "एवढासा जीव, आणि एवढा वास?"

"म्हातारी होती, आजी."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "भाई, या पालीला सुक्या कोळंबीचा वास कसा हो?"

"खारवलेली होती," ते म्हणाले.  घराजवळ आल्यावर म्हणाले, "दर घरात कुठं ना कुठं एक पाल असतेच, बाई. आगवाल्याला वास येतो. पण बाहेर सांगायचं नसतं. बॉयलर आपला असो का लोकांचा."

ती पाल त्यांनी संध्याकाळी वांग्यात घालून शिजवली आणि मला वाटीभर पाठवली. उत्तम झाली होती. पुढे वकील आठवड्यातून एकदा "एका कामासाठी" भाईंकडे येऊ लागले. काम रस्सा-भाकरीचं असावं. जाताना तोंड धुऊन, सुपारी खाऊन, अगदी निष्पाप चेहऱ्याने जात.

आणि तिथेच वकिलांना ते दिसलं, जे आम्हां सगळ्यांना रोज दिसत होतं. गावभर धुराडी बसवत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या बंबाला धुराडंच नव्हतं.

भाईंचं घर आमच्या गडग्याला लागून. म्हणजे अर्धं घर. उरलेल्या अर्ध्यात त्यांचे थोरले भाऊ राहत, त्यांना सगळे दादा म्हणत. बरोबर त्यांची बायको. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या आणि मधोमध चिऱ्यांची भिंत उभी राहिली. परसात वाटणीच्या बरोबर रेषेवर एक माड होता. त्याचे नारळ कुणाचे यावरून दोघं भाऊ बोलायचे थांबले. मग एका वादळात माड पडला. अबोला मात्र उभा राहिला.

पण भिंत पुरती उभी राहिली नव्हती. खाली दोन घरं झाली तरी वर आढं एकच आणि छप्पर एकच. भिंत वाशांपर्यंत न नेता हातभर खालीच थांबवलेली होती. भाईंचा बंब त्या भिंतीला लागूनच. सकाळी तो पेटला की धूर वर चढे, भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे सरके आणि थेट दादांच्या स्वयंपाकघरात उतरे. मग पलीकडून वहिनींचा आवाज येई. सगळ्या वाडीला जाग येईल असा.

"भावजीऽऽ! धूर! डोळे फुटायची पाळी आली आमची!"

भाई त्यांना उत्तर देत नसत. अबोला होता ना. ते बंबाला सांगत. "ऐकतोस काय रे? लोकांना तरास होतो. शोभतं काय तुला?" बंब काही बोलत नसे. मग पलीकडून दादांचा खाकरण्याचा आवाज येई. त्यानंतरच भाई अंगावर पाणी घेत.

मला आधी काही कळेना. मी वहिनींना विचारलं, "तुम्ही बोलत नाही म्हणता, मग हे रोज सकाळी काय?" त्या कोकणी बाईने मला घाटावरचं अडाणी पोर समजून समजावलं, "बाय, ती तक्रार. तक्रार म्हंजे काय बोलणं नव्हे."

अबोल्याचे कायदे कडक होते. दादांना काही कळवायचं असलं की ते कोंबडीला सांगत. "सुपारी वाळत घातलीय गो, लोकांची गुरं येतील." मग भाई आपली नसलेली गुरं हाकलून लावल्याचं बंबाला कळवत. कोंबडी आणि बंब यांच्यात मात्र कधी भांडण झालं नाही.

वकिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसला तो फक्त धूर. "दिव्याखाली अंधार," ते आमच्या ह्यांना म्हणाले. "त्या माणसाने माझी अब्रू… म्हणजे, माझं घर वाचवलं. त्याच्या घराला धुराडं नाही? आपण बसवायचं."

भाईंना धुराड्याविषयी कुणी विचारलं की ते म्हणत, "आगवाल्याला धूर लागतो. नायतर जेवण पचत नाय." म्हणून न विचारताच बसवायचं ठरलं. बोटीवरच्या एका जुन्या जोडीदाराच्या मुलाचं लग्न मालगुंडला होतं. भाई तिकडे गेले, चार दिवस राहिले, आणि तेवढ्यात वकिलांनी पाठवलेला गवंडी आला. एक कौल काढलं, त्या जागी पत्र्याचा चांगला जाड पाइप वर नेला, त्याच्या माथ्यावर पाऊस आत येऊ नये म्हणून टोपी बसवली. आमचे हे खाली उभे राहून "डावीकडे, डावीकडे" करत होते. मी चहा केला. पलीकडच्या परसात वहिनी हातातली टोपली तशीच धरून बघत राहिल्या होत्या. दादा पायरीवर पाठ करून बसले होते. थोड्या वेळाने ते कोंबडीला म्हणाले, "बरंच उंच नेतायत गो." कोंबडी गेली निघून.

भाई परतले तेव्हा वकील हजर होते. आम्ही सगळे अंगणात जमलो. भाईंनी मान वर करून पाइपकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली. आत जाऊन बंब पेटवला. धूर नळीतून वर गेला, कौलांवरच्या टोपीखालून बाहेर पडला आणि समुद्राच्या दिशेने पांगला. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाई म्हणाले, "बोटीच्या फनेलसारखं दिसतंय हो, वकीलसाहेब." आणि वकिलांचा हात दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, माणूस भारावून गेलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून हाक आली नाही. कशी येणार? धूरच नव्हता. भाईंचा बंब शांतपणे तापला, भाईंनी शांतपणे अंघोळ केली. ती शांतता मला आमच्या घरात बसून ऐकू येत होती. वाडीत नेहमीच्या वेळी कुणी उठलंच नाही, मुलं शाळेत उशिरा आली.

मग भाई बिघडायला लागले. कुणी बंब बघायला बोलावलं तर जात, पण उंबऱ्यात उभे राहून श्वास घ्यायचं विसरत. आमचे हे भरतीची वेळ विचारायला गेले तर म्हणाले, "करा हो केव्हापण अंघोळ. काय फरक पडतो?" हे मात्र गंभीर होतं. ह्यांनाही ते लागलं.

एका सकाळी मी शाळेला निघाले तर भाई न्हाणीच्या दारात उदबत्ती घेऊन उभे. उदबत्तीचा धूर सरळ बंबाकडे ओढला जात होता, इकडे नाही, तिकडे नाही.

"कुठं चूक नाय, बाई," ते म्हणाले. एखाद्या वैद्याला दुखणं सापडू नये तसा त्यांचा आवाज होता. मग हळूच विचारलं, "तुम्ही पलीकडनं जाता ना शाळेत? वहिनी दिसते काय? दादाचा खोकला… मला ऐकू नाय आला इतक्यात."

"विचारा ना त्यांनाच," मी म्हटलं.

"कसा विचारू? अबोला हाय."

"मग धूर जायचा तेव्हा?"

"तेव्हा ती तक्रार होती."

हे ऐकून मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस वाडीतल्या प्रत्येक घराचा धूर बाहेर काढत हिंडला आणि स्वतःचा धूर त्याने इतकी वर्षं राखून ठेवला होता. त्या धुराच्या मागे एक हाक येत होती नि हाकेच्या मागे एक खाकरणं. दिवसभरात त्याच्या वाट्याला तेवढंच घर येत होतं, आणि आम्ही टाळ्या वाजवून ते समुद्रावर सोडून दिलं होतं. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी वर्गात मी पाढे चुकले.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "काढून टाकू पाइप." मी भाईंना जाऊन तसं म्हटलं, तर त्यांनी कानावर हात ठेवले. "वकिलांनी मायेनं दिलेलं. काढलं तर त्यांना काय वाटेल?"

"मग काढू नका. नुसता बोळा घाला आत. कुणाला कळणार?"

त्यांची उजवी भुवई कपाळाला टेकली. "आगवाल्यानं आपल्या हातानं फनेल बुजवायचं? हात झडतील, बाई!"  मला भाईंचा राग आला आणि माड ज्याने लावला त्या त्यांच्या आजोबांचाही.

असे बरेच दिवस गेले. आणि मग एका सकाळी मी चहा गाळत असताना हाक आली.

"भावजीऽऽ! धूऽर!"

माझ्या हातातलं गाळणं कपात पडलं. आवाज तोच, पण त्यात डोळे फुटायची तक्रार कुठेही नव्हती. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली म्हणून ओरडावं तशी ती हाक होती. मी नि हे गडग्यावरून उडी मारूनच भाईंच्या परसात पोचलो. न्हाणीत धूरच धूर. भाई मध्ये उभे, हातात उदबत्ती, डोळ्यांना धारा, आणि मान वर करून ते पाइपकडे बघत होते.

"पाइप तुंबलाय," हे म्हणाले. "शिडी आणतो. मी चढून बघतो."

"नको, साहेब." भाई इतक्या चटकन म्हणाले की हे थबकले. "वटवाघूळ शिरलं असेल."

"दिवसा?"

"दिवसाच शिरतं ते. रात्री बाहेर जातं. झोपलं असेल, नका उठवू."

वकिलांना नंतर हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "भाई म्हणतात वटवाघूळ, तर ते वटवाघूळच असणार." पालीचं ऋण त्यांनी अशा रीतीने फेडलं.

पण मला राहवेना. मी वळसा घालून पलीकडे दादांच्या परसात गेले. कौलांच्या कडेला शिडी लावलेली होती आणि तिचे पाय अजून वहिनींच्या हातात होते. जवळच पाण्याच्या दगडी दोणीत दादा हात धूत होते. हात कोपरापर्यंत काळे. खांद्यावर नारळाच्या सोडणाच्या, म्हणजे वरच्या सालीच्या, तुसांचा भुगा, धोतर गुडघ्यावर फाटलेलं नि खाली गुडघा सोललेला. दादा सत्तरीचे होते.

"बघा बाई, ह्या वयात कौलांवर चढलेत," वहिनी म्हणाल्या.

"फुटकं कौल बघायला गेलो होतो," दादा दोणीला म्हणाले.

"फुटलेलं नव्हतं. आता फुटलं."

दादा घरात निघून गेले. वहिनींनी शिडी सोडली, पदराने तोंड पुसलं. "धूर यायचा तेव्हा कळायचं बाय, उठलेत, पाणी ठेवलं. एकटा माणूस पलीकडं. धूर गेला आणि काय कळायलाच मार्ग नाय. हे आपले पहाटेपासनं उठून भिंतीकडं बघत बसायचे. 'अजून नाय आला,' म्हणायचे. मी म्हटलं, विचारा जाऊन. तर म्हणे, मी कशाला विचारू, मी थोरला." त्या जरा हसल्या. "आज पाइपात कोंबायला भिजकं सोडण घेऊन चढलेच. मी म्हटलं, पडाल. तर म्हणे, पडलो तर तो येईल ना बघायला."

परसाच्या कोपऱ्यात चिऱ्यांची एक रास होती. वर शेवाळ धरलेलं, आणि दादांची ती कोंबडी राशीच्या आडोशाला अंड्यांवर बसलेली. "हे कशाला आणलेत?" मी विचारलं.

"भिंत वरपर्यंत न्यायला. वाटणी झाली तेव्हाच आणलेले. गवंडी दोनदा आला, पण ह्यांनी शिडीला हात लावू दिला नाय. म्हणे, राहू दे, वारा खेळतो."

मी परत आले. भाई अजून न्हाणीच्या दारात तसेच उभे होते.

"काय म्हणतात?"

"कौल फुटलंय म्हणे," मी म्हटलं.

"कोण चढलं होतं?"

"वटवाघूळ."

 सदऱ्याच्या बाहीने भाईंनी डोळे पुसले. "धूर फार झाला," म्हणाले. परत पुसले. मग खाली बघत अगदी हळू आवाजात विचारलं, "गुडघा तर दुखवला नाय ना?"

"वटवाघळाचा?"

"हां."

"सोललाय जरा."

भाई घरात गेले आणि बोटीवरची मालिशच्या तेलाची बाटली घेऊन आले. झाकण उघडून वास घेतला, मान डोलावली. दोन परसांच्या मधल्या गडग्यावर ती ठेवली आणि तिथूनच न्हाणीकडे तोंड करून बंबाला ओरडून म्हणाले, "हे तेल गुडघ्याला चांगलं हाय रे! रोज लावायचं, अंघोळीच्या आधी. आणि कौलांवर चढायचं हे काय वय हाय काय?"

 मग पलीकडून गडग्याच्या वर एक हात आला. धुऊनही नखांत काजळी राहिलेला. त्याने बाटली उचलली आणि खाली नेली.

"ऐकलंस काय गो?" दादा कोंबडीला म्हणाले. आवाज जरा घोगरा होता. "रोज लावायचं म्हणतात."

आणि ते खाकरले. भाई वळले, आत गेले आणि अंगावर पाणी घेतल्याचा आवाज आला.